डॉक्टर रॉबर्ट कॉख ह्यांचें चरित्र आणि लेंकरांचे सांधे

चार-पांच वर्षांचें मूल खेळतां खेळतां लंगडूं लागतें. घरच्यांस वाटतें, कोठें तरी पडलें असेल, पाय मुरगळला असेल. मग तेल चोळतात, हळदीचा लेप लावितात, हाडवैदाकडे नेऊन पाय ओढून घेतात. दिवसां मूल कसेंबसें हिंडतें. पण रात्रीं गाढ झोपेंत एकाएकीं किंचाळून उठतें, आणि काय झालें हें त्याला सांगतां येत नाहीं. कांहीं महिन्यांनीं मांडी वाळते, गुडघा किंवा खुबा फुगतो. मात्र त्यावर हात ठेवला तर तो गळवासारखा तापलेला लागत नाहीं. पुढें तो फुटून वाहूं लागला म्हणजे लोक त्यास हाड्याव्रण म्हणतात. हेंच दुखणें पाठीच्या कण्यांत शिरलें तर मणका खचतो व कुबड येतें. आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींनीं अशीं माणसें आपापल्या गांवीं पाहिलीं असतील. जन्माचा भोग, कोणाची करणी, आईबापांचें पाप, अशीं नाना कारणें त्यांच्या माथीं मारलीं गेलीं. त्यांतलें एकहि खरें नव्हतें. हा सांध्यांचा व हाडांचा क्षय होय.

छातीचा क्षय आणि हा सांध्याचा क्षय हीं एकाच बीजाचीं झाडें आहेत, हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहून जगास दाखविलें ते डॉक्टर रॉबर्ट कॉख होत. आणि त्याच थोर मनुष्यानें पुढें, सांध्यांच्या क्षयाची एक वाट उघडी दिसत असतां, ती वाट नाहींच असें भर सभेंत सांगितलें. त्यांचें चरित्र आज आम्ही देत आहों तें ह्या दोन्ही गोष्टींसाठीं. राहुरी तालुक्यांत वांबोरीपासून बारागांव नांदूरपर्यंत घरोघर दुभतें आहे. तेव्हां त्यांची चूक कळणें आम्हांस त्यांचा शोध कळण्याइतकेंच अगत्याचें आहे.

जर्मनींतील हार्ट्झ पर्वतांत क्लाउस्थाल नांवाचें खाणींचें गांव आहे. तेथें इ. स. १८४३ च्या डिसेंबरच्या ११ व्या तारखेस रॉबर्टचा जन्म झाला. बाप खाणीवर अधिकारी होता आणि घरांत तेरा मुलें. तेव्हां कोड-कौतुकास फारसा वाव नव्हता. रॉबर्टला मात्र दगड, शेवाळ, किडे व फुलपांखरें गोळा करण्याचा नाद होता. गटिंगेन येथील विद्यापीठांत तो वैद्यक शिकला. तेथील हेन्ले नांवाच्या अध्यापकांनीं पूर्वींच, १८४० सालीं, असें लिहिलें होतें कीं, सांथीचे रोग हे सजीव सूक्ष्म पदार्थांपासून उत्पन्न होत असावेत. त्या काळीं हें बहुतेकांस कल्पनेचें वाटे. १८६६ सालीं पदवी मिळाल्यावर रॉबर्टच्या मनांत जहाजावर वैद्य होऊन जग पाहावें असें होतें. पण लग्न झालें, एक मुलगी झाली, आणि पोटापाण्यासाठीं ह्या गांवाहून त्या गांवीं हिंडणें नशिबीं आलें. १८७० च्या फ्रान्स-जर्मनी युद्धांत ते आपण होऊन गेले. शेवटीं १८७२ सालीं वोल्स्टाइन ह्या आडवळणाच्या लहान गांवीं त्यांस जिल्ह्याच्या वैद्याची जागा मिळाली. हें गांव आतां पोलंड देशांत आहे.

वोल्स्टाइनच्या आसपास शेतकऱ्यांच्या मेंढ्या व गाईगुरें फाशीच्या रोगानें पटापट मरत. ह्यास कोणी काळपुळी म्हणतात. हा आमच्याहि धनगरांच्या ओळखीचा आहे. सकाळीं धडधाकट असलेलें जनावर संध्याकाळीं आडवें, आणि रक्त काळें. अशा रक्तांत काडीसारखे बारीक पदार्थ असतात हें दुसऱ्यांनीं पाहिलें होतें. पण ते रोगाचें कारण कीं रोगानंतरचा कचरा, हें कोणास ठाऊक नव्हतें. कॉख ह्यांजवळ ना प्रयोगशाळा, ना मदतनीस, ना पुस्तकांचा संग्रह. रोगी तपासण्याच्या खोलींत एक पडदा लावून पलीकडे त्यांनीं आपलें सूक्ष्मदर्शक यंत्र मांडलें होतें. इकडे रोगी यावेत, ते गेले म्हणजे वैद्यबुवा पडद्याआड. लांकडाची बारीक सळई तापवून स्वच्छ करावी, मेलेल्या मेंढीच्या रक्तांत बुडवावी, व उंदराच्या शेपटीजवळ टोंचावी. उंदीर मेला कीं त्याचें रक्त दुसऱ्या उंदरास, त्याचें तिसऱ्यास. मग कसाब्याकडून बैलाचे डोळे आणून त्यांतील स्वच्छ पाण्यांत त्या काड्या वाढविल्या आणि त्यांचे धागे होतांना व धाग्यांत दाण्यांसारखीं बीजें धरतांना पाहिलीं. हीं बीजें मातींत वर्षानुवर्षें टिकतात, म्हणून एकदां विटाळलेलें कुरण पुन्हां पुन्हां जनावरें मारितें, हा उलगडा झाला. १८७६ सालीं त्यांनीं हें सारें गाठोडें बांधून ब्रेस्लाव येथें कोन ह्या नांवाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांपुढें मांडलें. एका खेड्यांतल्या वैद्यानें आणलेलें काम पाहून तेथील विद्वान चकित झाले.

आम्हांस ह्या प्रकरणांत विशेष वाटतें तें हें, कीं क्षयाच्या शोधाची सारी तयारी गुरांच्या रोगावर झाली. शेतकऱ्याचें जनावर वांचविण्यासाठीं बसलेला मनुष्य पुढें माणसांच्या सर्वांत जुन्या वैऱ्याच्या घरांत शिरला.

१८८० सालीं त्यांस बर्लिन येथें सरकारी आरोग्यखात्यांत बोलावण्यांत आलें. तेथें त्यांनीं जंतु निवडून वेगळे वाढविण्याची युक्ति काढली. पातळ रसांत दहा जातींचे जंतु मिसळतात. घट्ट पृष्ठावर ज्याचा त्याचा ठिपका निराळा उठतो, जसें पेरलेल्या वाफ्यांत प्रत्येक बीं आपल्या जागीं उगवतें. आरंभीं उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर हें काम होई, नंतर सरसासारख्या पदार्थावर; आणि पुढें समुद्राच्या शेवाळापासून होणारें अगर वापरण्याची सूचना त्यांच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीनें, फॅनी हेस्से ह्या बाईनें, स्वयंपाकघरांतील अनुभवावरून दिली. आजहि जगांतील प्रयोगशाळांत तेंच चालतें.

१८८१ च्या ऑगस्टमध्यें ते क्षयाच्या मागें लागले. हा जंतु भारी चिवट व भारी लाजाळू. त्याच्या अंगावर मेणासारखें आवरण असल्यामुळें साधा रंग त्यास चढत नाहीं. कॉख ह्यांनीं निळ्या रंगाची निराळी कृति बसविली तेव्हां तो दिसूं लागला. वाढतोहि इतका सावकाश कीं, दुसरा कोणी आठवड्यानें नळी फेंकून देता. कॉख ह्यांनीं रक्तांतील गोठविलेल्या द्रवावर, अंगाच्या उष्णतेइतक्या उबेंत, तो दुसऱ्या आठवड्यापर्यंत राखिला, आणि तेव्हां कोरड्या खवल्यांसारखे ठिपके उठले. हेच जंतु गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्यांस टोंचतांच त्यांस क्षय झाला, आणि त्यांच्या अंगांतून पुन्हां तेच जंतु निघाले. नुसत्या फुप्फुसांवर ते थांबले नाहींत. गंडमाळेच्या गांठी, मेंदूच्या आवरणावरील पुटकुळ्या, सुजलेले सांधे, क्षयी गाई व माकडें, ह्या सर्वांत त्यांनीं त्याच जंतूचा माग काढिला.

१८८२ च्या मार्च महिन्याच्या २४ व्या तारखेस संध्याकाळीं बर्लिनच्या शरीरशास्त्र-मंडळापुढें त्यांनीं हें वाचून दाखविलें. शेंकडों नमुने मेजांवर मांडले होते. कॉख वक्ते नव्हते. अडखळत, हळू बोलत. वाचन संपल्यावर कोणी वाद घातला नाहीं. लोक उठून मुकाट्यानें यंत्रांत डोकावूं लागले. त्या काळीं युरोपांत सात मृत्यूंमागें एक क्षयाचा असे. ती २४ मार्च ही तारीख आज जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळली जाते.

शोध लागला म्हणजे औषध सांपडलें, असें नव्हे. आमच्या महाराष्ट्राची पहिली स्त्री-डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेली, १८८६ सालीं पदवी घेऊन परत आली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें वारली. जंतूचें नांव-गांव कळून पांच वर्षें होत आलीं होतीं; तिच्या उशाशीं बसलेल्यांच्या हातीं मात्र कांहींच नव्हतें.

कॉख ह्यांच्या प्रवासांचा सारा वृत्तांत देण्यास येथें जागा नाहीं. १८८३ सालीं पटकीचा शोध घेत ते मिसर देशांतून कलकत्त्यास आले व तेथें तिचा स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु त्यांनीं निवडून काढिला. ज्या तळ्याचें पाणी लोक पीत व ज्यांत कपडे धूत, त्याच तळ्यांत तो सांपडला. इटलींत पाचीनी ह्यांनीं हा जंतु पूर्वींच पाहिला होता; पण ती गोष्ट विसरली गेली होती. १८९६ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेंत गुरांच्या बुळकांडीवर उपाय शोधीत होते. तेथून १८९७ च्या उन्हाळ्यांत ते प्लेगची पाहणी करण्यास मुंबईस आले. त्याच सालीं जानेवारींत हाफकिन ह्यांनीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती, आणि जूनमध्यें पुण्यास रँडचा वध झाला. असल्या धामधुमीच्या दिवसांत हा जाड चष्म्याचा जर्मन डॉक्टर मुंबईंत मेलेल्या उंदरांची चौकशी करीत होता. बुळकांडीविषयीं एक गोष्ट सांगून ठेवितों: जिनें आमच्या आजोबा-पणजोबांचे गोठे ओस पाडले ती २०११ सालीं जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें.

आतां त्यांच्या आयुष्यांतील दोन चुका. पहिली १८९० ची. त्या वर्षीं बर्लिन येथें भरलेल्या वैद्यांच्या मोठ्या परिषदेंत त्यांनीं क्षयाची वाढ थांबविणारा पदार्थ आपणांस सांपडला असल्याचें सुचविलें, आणि नोव्हेंबरांत तो लोकांवर वापरण्यास दिला. ह्यासच पुढें ट्युबर्क्युलिन नांव पडलें. तो कशाचा केला आहे हें मात्र त्यांनीं सांगितलें नाहीं. देशोदेशींचे रोगी आगगाड्या भरभरून बर्लिनला आले. मरणाच्या दारीं असलेले, खांद्यावर वाहून आणलेले, सांधे सुजलेलीं मुलें कडेवर घेतलेलीं आईबापें. टोंचल्याबरोबर सुजलेला सांधा अधिक लाल होई, ताप चढे, आणि लोकांस वाटे कीं औषध लागूं पडलें. थोड्याच महिन्यांत कित्येक रोगी दगावले. फिर्खो ह्यांनीं प्रेतें चिरून दाखविलें कीं, रोग थांबला नसून कित्येकांत पसरला आहे. मग गुपित फोडावें लागलें: तो क्षयाच्या जंतूंचाच ग्लिसरिनमध्यें काढलेला अर्क होता. ह्याच सुमारास त्यांचा पहिला संसार मोडला व १८९३ सालीं त्यांनीं हेडविग फ्रायबर्ग ह्या कोंवळ्या वयाच्या तरुणीशीं लग्न केलें. औषधाची कसोटी पाहण्यासाठीं त्यांनीं तें स्वतःस टोंचून घेतलें होतें, आणि तिलाहि टोंचलें. मोठ्या मनुष्याच्या ठिकाणीं असलें कांहीं झांकून ठेवण्याची आमची इच्छा नाहीं, आणि त्याचें समर्थनहि करवत नाहीं.

तरी त्या फसलेल्या औषधाचा एक उपयोग निघाला. निरोग्यास तें टोंचलें तर कांहीं होत नाहीं, ज्याच्या अंगांत क्षयाचें बीज आहे त्यासच सूज येते. म्हणून ती उत्तम पारख ठरली. डेन्मार्कमध्यें बांग ह्या पशुवैद्यांनीं १८९० नंतरच्या वर्षांत गोठेच्या गोठे ह्या पारखेनें तपासले व रोगी गाई निरोग्यांपासून निराळ्या केल्या. मुलांच्या हातावर टोंचून जी सूज मोजतात ती चाचणीहि ह्यांतूनच निघाली.

दुसरी चूक आमच्या विषयास थेट भिडते. १८९८ सालीं अमेरिकेंत थिओबाल्ड स्मिथ ह्यांनीं दाखविलें होतें कीं, माणसाचा क्षयजंतु व गाईचा क्षयजंतु हे सख्खे भाऊ असले तरी एकच नव्हेत. कॉख ह्यांनीं माणसाचा जंतु वासरांस टोंचला, तीं आजारी पडलीं नाहींत. येथवर ठीक. पण १९०१ च्या जुलैंत लंडनच्या क्षयपरिषदेंत त्यांनीं उलट दिशेचीहि गोष्ट ठरवून टाकिली: गाईचा क्षय माणसास होणें इतकें विरळ कीं, दुधाच्या बाबतींत कांहीं उपाय योजण्याचें कारण नाहीं. सभागृह स्तब्ध झालें. लॉर्ड लिस्टर ह्यांनीं तेथल्या तेथें नम्रपणें शंका घेतली. फ्रान्सचे नोकार व डेन्मार्कचे बांग ह्यांनींहि विरोध केला. इंग्लंडच्या सरकारनें त्याच सालीं चौकशीसाठीं एक शाही आयोग नेमला. कॉख ह्यांचें नांव एवढें मोठें कीं, आयोगाचें काम चालूं असतां दुधवाल्यांस व नगरपालिकांस त्यांच्या शब्दाचा आधार मिळाला, आणि कच्चें दूध मुलांच्या पेल्यांत पडत राहिलें.

दुधांतून सांध्यापर्यंत हा जंतु कसा जातो, हें आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगतों. क्षयी गाईच्या आंचळांतून तो दुधांत उतरतो. निरसें दूध प्यालेल्या मुलाच्या घशांतील किंवा आंतड्यांतील गांठींत तो प्रथम राहतो. तेथून रक्तांत मिसळून तो हाडांच्या टोंकाशीं पोंचतो, जेथें वाढत्या मुलाचें रक्त भरपूर व संथ खेळतें, आणि खुब्यांत, गुडघ्यांत किंवा मणक्यांत घर करितो. छातीवाटे शिरलेला माणसाचा जंतुहि शेवटीं त्याच वाटेनें सांध्यांत येतो. घर केल्यावर तो महिनोन् महिने, कधीं वर्षेंहि, निजून असतो. म्हणून मूल पडलें त्या दिवसाचा दोष पडण्यावर जातो. दुखणें त्याआधींच आंत बसलेलें असतें. क्षयाच्या शंभर रोग्यांत दोन-तीनच हाडासांध्यांचे असतात खरे, पण त्यांतले जवळ जवळ निम्मे पाठीच्या कण्याचे, आणि कणा खचून पाय लुळे पडण्याची भीति तेथें असते.

आमच्या मुलखांत ह्या दुधाच्या वाटेवर एक जुना पहारा आहे, आणि तो कोणा विद्वानानें बसविलेला नाहीं. मराठी घरांत दूध आलें कीं तें चुलीवर चढतें. उतूं जाऊं नये म्हणून आई जवळ उभी राहते. मग साय, मग विरजण, मग ताक. दूध नासूं नये एवढाच तिचा हेतु. पण क्षयाचा जंतु ६३ अंशांच्या उष्णतेंत अर्धा तास टिकत नाहीं, आणि उकळी तर शंभर अंशांजवळची. कॉख लंडनमध्यें जी गोष्ट अनावश्यक म्हणून सांगत होते, ती राहुरीच्या चुलींवर त्या सकाळींहि होत असेल. भारतांत सांध्यांचा क्षय बहुतांशीं माणसाच्या जंतूनें होतो व गाईच्या जंतूचा वाटा लहान आहे. ह्याचें मोठें श्रेय ह्या तापविण्याच्या चालीस आहे असें आम्हांस वाटतें.

ह्या पहाऱ्यास खिंडारें मात्र आहेत. धारोष्ण दूध म्हणजे शक्ति, हा समज अजून गेलेला नाहीं. तालमींतल्या पोरास धारेखालीं तोंड धरावयास लावतात. अशक्त लेंकरास शेळीचें निरसें दूध मुद्दाम पाजतात. शिवाय काळ बदलला आहे. राहुरीस १९६८ सालीं महात्मा फुले कृषि विद्यापीठ स्थापन झालें. तेथें होल्स्टीन, जर्सी व गीर ह्यांच्या संकरानें फुले त्रिवेणी ही गाय तयार झाली, आणि संकरित गाईंनीं आमच्या शेतकऱ्याच्या हातीं रोजचा पैसा आला. हें उत्तमच झालें. पण परदेशी रक्ताच्या गाईंस क्षय देशी गाईंपेक्षां अधिक जडतो, आणि दाटीच्या गोठ्यांत एकीचा दुसरीस लागतो. युरोपांत अशा गाई तपासून मारीत व धन्यास भरपाई देत. आमच्या देशांत तशी सक्ति नाहीं. तेव्हां गाय दिसण्यांत कितीहि तुकतुकीत असो, दूध उकळून घेणें हेंच आपल्या हातीं आहे. खोकणारी व खंगत जाणारी गाय असेल तर पशुवैद्यास दाखवावी, आणि तिच्या वासरासहि तें दूध कच्चें देऊं नये.

दुसरी वाट दुधापेक्षांहि रुंद आहे, ती घरांतल्या खोकल्याची. आजोबा दोन आठवड्यांहून अधिक खोकतात, आणि नातू त्यांच्याच पांघरुणांत निजतो. पुढें ज्या खुब्याला तेल चोळावें लागतें त्याचें बीज ह्या पांघरुणांत असतें. आजोबांची थुंकी वेळींच तपासली गेली, आणि औषध सुरू होऊन नियमानें चाललें, तर कांहीं आठवड्यांतच त्यांच्यापासून इतरांस होणारा धोका बहुतेक संपतो. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी व औषधें विनामूल्य मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालूं असेपर्यंत सकस अन्नासाठीं रोग्यास दरमहा १,००० रुपये देण्यांत येतात. रोगी सांपडला कीं त्या घरांतील सर्वांनीं तपासून घ्यावें. ज्यांस रोग नाहीं त्यांस, विशेषतः पांच वर्षांखालील लेंकरांस, तो होऊं नये म्हणून निराळें औषध देतात. निरोगी दिसणाऱ्या मुलास औषध कशाला, असें म्हणून पुष्कळ जण तें टाळतात; सांध्यांचा क्षय टाळण्याची खरी वेळ मात्र हीच असते. अन्नाचें महत्त्वहि नुकतेंच मोजून पाहण्यांत आलें आहे. झारखंडांत रोग्यांच्या घरच्या मंडळींस कांहीं महिने डाळ-तांदूळ आदि शिधा दिला, तेव्हां शिधा न मिळालेल्यांपेक्षां त्यांच्यांत नवा क्षय शेंकडा चाळीसच्या सुमारानें कमी झाला; हें काम २०२३ सालीं प्रसिद्ध झालें.

आणि ती जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर टोंचतात ती बी.सी.जी. लस. तिचा इतिहास कॉख ह्यांच्या चुकीवर चमत्कारिक प्रकाश पाडतो. फ्रान्समध्यें काल्मेत व गेराँ ह्या दोघांनीं एका गाईचा क्षयजंतु घेतला, म्हणजे कॉख ह्यांनीं ज्यास माणसाच्या बाबतींत हिशेबांत धरलें नाहीं तोच. १९०८ पासून तेरा वर्षें तो पित्ताच्या मिश्रणावर पुन्हां पुन्हां लावून त्याचें विष उतरविलें, आणि १९२१ सालीं तो पहिल्या बालकास दिला. भारतांत ही लस १९४८ पासून आली. मेंदूचा व सर्वांगीं पसरणारा क्षय लहानपणीं टाळण्यास ती चांगली उपयोगी पडते. सांध्यांची पुरी हमी मात्र ती देत नाहीं. म्हणून लस टोंचली आहे एवढ्यावर लंगडणाऱ्या मुलास घरीं ठेवूं नये.

लंगडणें तीन आठवडे टिकलें, रात्रीं रडणें आहे, संध्याकाळीं अंग कोमट लागतें, तर चोळणें व ओढणें बंद करून मुलास मोठ्या दवाखान्यांत न्यावें. सांध्यांतील पाणी किंवा कण काढून तपासतात. औषध बहुधा वर्षभर, प्रसंगीं दीड वर्ष, एक दिवस न चुकवितां घ्यावें लागतें. आरंभीं धरलें तर सांधा पुष्कळ वेळां पूर्वीसारखा वळतो. उशीर झाला तर रोग बरा होतो पण सांधा अखडलेला राहतो. १९४० च्या दशकांत स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत तर हेंहि भाग्य नव्हतें. मुलांस पाट्यांवर बांधून वर्ष-दोन वर्षें उन्हांत निजवून ठेवीत.

कॉख ह्यांस १९०५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मानसन्मानांस तोटा नव्हता. पण दुधाविषयींचा हेका त्यांनीं सोडला नाहीं. १९०८ सालीं वॉशिंग्टनच्या परिषदेंत पुरावा समोर मांडला गेला तरी ते आपल्या मतास धरून राहिले. वोल्स्टाइनला ज्यानें उंदरामागून उंदीर तपासून स्वतःच्या कल्पनेस कसोटी लावली, तो मनुष्य म्हातारपणीं दुसऱ्यांनीं लावलेली कसोटी मानीना, हें आम्हांस त्यांच्या चरित्रांतील सर्वांत खेदाचें वाटतें. १९१० च्या मे महिन्याच्या २७ व्या तारखेस बाडेन-बाडेन येथें हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थि बर्लिनमधील त्यांच्याच संस्थेंत ठेविल्या आहेत.

शाही आयोगाचा शेवटचा अहवाल १९११ सालीं निघाला. दहा वर्षांच्या प्रयोगांअंतीं आयोगानें ठरविलें कीं, गाईचा क्षय माणसास होतो, आणि विशेषेंकरून लहान मुलांस दुधावाटे होतो. पुढल्या वर्षीं एडिंबरो शहरांत फ्रेझर नांवाच्या शस्त्रवैद्यानें हाडासांध्यांचा क्षय झालेल्या मुलांच्या सांध्यांतून जंतु काढून ते कोणत्या जातीचे आहेत हें एकेक करून तपासलें. निम्म्याहून अधिक मुलांच्या सांध्यांत गाईचा जंतु निघाला.